होल्टरचा रिपोर्ट हातात आलाय, आता वाचायचा कसा?

आजचा एपिसोड एका पीडीएफबद्दल आहे. होल्टरचा रिपोर्ट. ज्यांनी ही टेस्ट केली आहे त्यांना माहीत असेल, लॅबकडून व्हॉट्सॲपवर वीस-पंचवीस पानांची फाइल येते, डॉक्टरांची अपॉइंटमेंट दोन-तीन दिवसांनंतरची असते, आणि मधल्या वेळात माणूस ती फाइल झूम करकरून बघत बसतो. हा एपिसोड त्या मधल्या दोन-तीन दिवसांसाठी आहे असं समजा.

आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही. बीटेक केलंय, सॉफ्टवेअरमध्ये आहे, दिवसभर सर्व्हरचे लॉग वाचतो. पण गेल्या वर्षभरात आमच्या घरात दोन होल्टर झाले, एक माझा आणि एक बाबांचा. दोन्ही वेळा डॉक्टरांसमोर बसून एकेक ओळ विचारून घेतली. माझा रिपोर्ट दिसायला भयंकर होता आणि त्यात घाबरण्यासारखं काही निघालं नाही. बाबांचा रिपोर्ट दिसायला अगदी सरळ होता आणि त्यातल्या एका ओळीमुळे त्यांना कायमची गोळी लागली. त्रास किती होतो आणि धोका किती आहे, ही दोन वेगळी खाती आहेत. आज मला मुख्य म्हणजे एवढंच सांगायचंय.

आणि हो, ज्यांना चक्कर येऊन शुद्ध हरपलीये, विशेषतः धावताना किंवा जिना चढताना, किंवा ज्यांच्या घरात कोणी तरुण वयात अचानक गेलंय, त्यांनी हा एपिसोड नंतर ऐका. आधी डॉक्टर. छातीत दुखत असेल तर थेट हॉस्पिटल. पॉडकास्ट कुठे पळून जात नाही.

तर होल्टर म्हणजे काय? साधा ईसीजी फक्त काही सेकंदांचा असतो. समजा प्रोडक्शनमध्ये एखादा बग दिवसातून दोनदाच येतो आणि तुम्ही दहा सेकंद लॉग बघितला, तर तो दिसणार का? नाही ना. म्हणून छातीवर पाच-सात इलेक्ट्रोड चिकटवतात, कमरेला किंवा गळ्यात एक छोटा डबा अडकवतात आणि २४ तास, कधी ४८ तास, सगळं रेकॉर्ड करतात. नाव आलंय नॉर्मन होल्टर या अमेरिकन माणसावरून. मोंटाना राज्यातल्या हेलेना गावचा हा बायोफिजिसिस्ट. १९४०च्या दशकात त्याने जे पहिलं यंत्र बनवलं ते पाठीवर घ्यायचं होतं आणि त्याचं वजन होतं ३८ किलोच्या आसपास! तेवढं ओझं घेऊन माणूस चालला तर धडधड होणारच, ते सोडा. पण माणूस झोपलेला नसताना, हिंडता-फिरताना त्याचं हृदय काय करतं हे बघायचं, ही कल्पना त्याची. १९६१ साली ‘सायन्स’ मासिकात त्याचा लेख आला आणि मग यंत्र हळूहळू लहान होत गेलं. आता तर छातीवर चिकटवायचे पॅचही आलेत, चौदा दिवस राहणारे.

आता इंजिनिअरच्या नजरेने हा डेटा बघा. समजा यंत्र सेकंदाला २०० वेळा नोंद घेतंय. दिवसाचे ८६,४०० सेकंद. म्हणजे एका चॅनलचे जवळपास पावणेदोन कोटी आकडे. आणि ठोके? मिनिटाला ७० धरले तर दिवसाला एक लाखाच्या वर. हे कोणी माणूस बसून मोजत नाही. सॉफ्टवेअर आधी प्रत्येक ठोक्याचा उंच टोकदार भाग शोधतं, मग ठोक्यांचे आकार एकमेकांशी जुळवून गट पाडतं. हे नॉर्मल, हे वेगळे, हे काय आहे कळत नाही. या कामातला एक गाजलेला अल्गोरिदम १९८५चा आहे, पॅन आणि टॉम्पकिन्स या दोघांचा. आणि असे अल्गोरिदम तपासायला जगभर अजूनही जो डेटासेट वापरतात त्यात फक्त ४७ माणसांची रेकॉर्डिंग्ज आहेत, १९७५ ते १९७९ दरम्यान घेतलेली. मशीन लर्निंगवाल्यांनो, तुमच्यापैकी काहींनी कॉलेज प्रोजेक्टला तोच वापरलेला असणार.

सॉफ्टवेअरनंतर टेक्निशियन किंवा डॉक्टर तपासतात, चुकीची लेबलं दुरुस्त करतात. ही पायरी फार महत्त्वाची, कारण यंत्राला सैल इलेक्ट्रोड आणि बिघडलेलं हृदय यातला फरक नेहमी कळतोच असं नाही. एक प्रसिद्ध गंमत आहे: दात घासताना हात जो एका लयीत हलतो ना, त्याने कधीकधी रेघ अशी उमटते की यंत्राला वाटतं, हृदयाच्या खालच्या कप्प्यांतून जीवघेणी धडधड सुरू झाली! माणूस मजेत ब्रश करतोय. त्यामुळे ऑटोमॅटिक रिपोर्टमध्ये एखादा भलताच आकडा दिसला, तर पहिला प्रश्न हाच, की ती रेघ कोणी डोळ्यांनी बघितली का.

आता माझा रिपोर्ट उघडू या. मला दोन-तीन महिने ठोका चुकल्यासारखं होत होतं. बहुतेक रात्री, लॅपटॉप मिटून आडवा झालो की छातीत एक गचका. जसं कोणी आतून टिचकी मारावी तसं. म्हणून डॉक्टरांनी टेस्ट सांगितली.

पहिल्या पानावर: एकूण ठोके १,०३,७४२. सरासरी ७२. कमीत कमी ४६, पहाटे चार वाजून दहा मिनिटांनी. जास्तीत जास्त १४८, सकाळी आठ बावन्नला.

आता ४६ बघून पोटात गोळा येतो. पण पहाटे चारला गाढ झोपेत तरुण माणसाचे ठोके चाळीसच्या घरात जाणं नेहमीचं आहे. नियमित पळणाऱ्यांचे तर आणखी खाली जातात. आणि १४८? मी डायरी काढली. त्या दिवशी लिफ्ट बंद होती, चार मजले चढून गेलो होतो. म्हणून सांगतो, होल्टर लावला की सोबत मिळणारी ती डायरी कंटाळा न करता भरा. ‘८.५० जिना’, ‘११.१५ बॉसशी कॉल’, असं काहीही. वेळ आणि काम. आकड्याच्या शेजारी डायरी नसेल तर तो टाइमस्टॅम्पशिवायचा लॉग झाला. आणखी एक, टेस्टच्या दिवशी जपून-जपून पडून राहू नका. रोज जे करता तेच करा, फक्त आंघोळ टाळा आणि जिममध्ये घाम गाळून इलेक्ट्रोड सैल करू नका.

मग एक शब्द येतो, सायनस. सायनस ऱ्हिदम, सायनस टॅकिकार्डिया. आमच्या आईने वाचलं आणि म्हणाली, ‘अरे, पण सर्दीचं काय आलं यात?’ तर हा नाकाचा सायनस नाही. हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात एक छोटासा भाग असतो, सायनस नोड, तिथून प्रत्येक ठोक्याचा इशारा निघतो. सायनस ऱ्हिदम म्हणजे इशारा योग्य ठिकाणाहून निघतोय. सायनस टॅकिकार्डिया म्हणजे योग्य ठिकाणाहूनच, पण भराभर. जिन्यावर, तापात, टेन्शनमध्ये, चहा-कॉफीनंतर हे व्हायचंच. म्हणजे रिपोर्टमध्ये सायनस हा शब्द दिसला तर तो बहुतेक वेळा चांगल्या बाजूने बोलतोय.

आता माझी भयंकर ओळ. ‘व्हेंट्रिक्युलर एक्टोपिक्स: ६११.’ खाली ‘कपलेट्स: ४.’ लाल अक्षरात. खरं सांगतो, त्या रात्री झोप लागली नाही.

एक्टोपिक म्हणजे ठरलेल्या जागेऐवजी दुसरीकडूनच निघालेला, वेळेआधीचा ठोका. व्हेंट्रिक्युलर म्हणजे खालच्या कप्प्यातून, सुप्राव्हेंट्रिक्युलर किंवा एट्रियल म्हणजे वरच्या बाजूने. कपलेट म्हणजे असे दोन लागोपाठ. एक आड एक आले तर बायजेमिनी, दर तिसरा आला तर ट्रायजेमिनी. नावं भारदस्त आहेत, पण हा फक्त पॅटर्न आहे, आजार नव्हे. आणि गंमत ऐका, आपल्याला जो गचका जाणवतो तो बहुधा हा जादा ठोका नसतोच. तो लवकर पडल्यामुळे हृदय पुरतं भरलेलं नसतं, म्हणून तो कमजोर असतो. त्यानंतर छोटा खंड पडतो, तेवढ्यात हृदय नेहमीपेक्षा जास्त भरतं, आणि पुढचा साधाच ठोका जोरात बसतो. मराठीत आपण ‘काळजाचा ठोका चुकला’ म्हणतो ते किती अचूक आहे बघा.

डॉक्टरांनी काय केलं? ६११ला एक लाख तीन हजारांनी भागलं. ०.६ टक्के. बस. याला बर्डन म्हणतात, एकूण ठोक्यांमधला जादा ठोक्यांचा वाटा. असे ठोके निरोगी माणसांच्या होल्टरमध्येही सर्रास सापडतात. बर्डन साधारण दहा टक्क्यांच्या पुढे, म्हणजे दिवसाला दहा हजारांच्या घरात गेलं, की डॉक्टर जास्त बारकाईने बघायला लागतात, कारण वर्षानुवर्षं इतके जादा ठोके पडत राहिले तर काही लोकांच्या हृदयाची पंप करण्याची ताकद कमी होते. पण दहा हा काही गेट नाही, की नऊला सुटलात आणि अकराला अडकलात.

आणि आकड्याइतकाच, किंबहुना जास्त महत्त्वाचा दुसरा प्रश्न: हृदयाची बांधणी कशी आहे? म्हणून टू-डी इको करतात. माझा इको व्यवस्थित होता, घरात अचानक मृत्यूचा इतिहास नाही, कधी शुद्ध हरपलेली नाही. म्हणून ६११चा अर्थ ‘सोडून द्या’ असा निघाला. हेच ६११ एखाद्या हार्ट ॲटॅक येऊन गेलेल्या काकांच्या रिपोर्टमध्ये असते तर डॉक्टर वेगळं बोलले असते. त्यामुळे मित्राचा रिपोर्ट आणि तुमचा रिपोर्ट शेजारी ठेवून आकडे जुळवण्यात काही अर्थ नाही.

आता रिपोर्टमधली माझ्या मते सगळ्यात कामाची जागा, जी बहुतेक लोक बघतच नाहीत. यंत्राला एक बटण असतं. त्रास जाणवला की दाबायचं. शेवटच्या पानांवर त्या-त्या क्षणाची ईसीजी पट्टी छापलेली असते. मी पाच वेळा दाबलं होतं. तीन वेळा त्या गचक्याच्या जागी खरंच एक्टोपिक होता. दोन वेळा काहीच नव्हतं, सरळ सायनस ऱ्हिदम. डॉक्टर म्हणाले, ‘हे पान माझ्या दृष्टीने त्या ६११पेक्षा मोलाचं आहे.’ कारण टेस्ट ज्या प्रश्नासाठी केली त्याचं उत्तर इथे आहे: त्रास होतो तेव्हा हृदय नेमकं काय करतं? त्रास झाला आणि रेघ साधी होती, हेसुद्धा उत्तरच आहे. त्याचा अर्थ त्रास खोटा आहे असा अजिबात नाही, फक्त त्याचं कारण लयीत नाही.

अजून दोन ओळी झटपट. पॉझ म्हणजे दोन ठोक्यांमधलं लांब अंतर. झोपेत दोन-अडीच सेकंदांचा पॉझ तरुण माणसात दिसू शकतो. जागेपणी तीन सेकंदांच्या वर, त्यात डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तर ते डॉक्टरांनी लवकर बघायला हवं. आणि रन. तीन किंवा जास्त जादा ठोके लागोपाठ आले की त्याला रन म्हणतात. खालच्या कप्प्यांतून आलेला जलद रन तीस सेकंदांच्या आत थांबला तर त्याच्यापुढे ‘नॉन-सस्टेन्ड’ लिहितात. ही ओळ असेल तर तीन दिवस वाट बघू नका. फाइल त्याच दिवशी डॉक्टरांना पाठवा आणि फोन करा.

आता बाबांकडे येतो. बाबा ६८ वर्षांचे, सांगलीला असतात. एसटीत वाहतूक नियंत्रक होते. बीपी आहे, शुगर आहे, दोन्हीच्या गोळ्या चालू. एकदा मंडईत चक्कर आल्यासारखं झालं म्हणून होल्टर लावला. रिपोर्ट आला. सरासरी ६८, एक्टोपिक्स फक्त २२. बटण एकदाही दाबलेलं नाही. बाबा म्हणाले, ‘बघ, तुझ्यापेक्षा माझं हृदय चांगलंय.’ आईने पेढे आणायचेच बाकी ठेवले होते.

शेवटी एक ओळ होती. ‘पॅरॉक्सिझमल एट्रियल फिब्रिलेशन, सर्वात मोठा एपिसोड २ तास १४ मिनिटं.’ रात्री एक वीस ते तीन चौतीस. बाबा गाढ झोपेत. त्यांना काही म्हणजे काही कळलं नाही.

एट्रियल फिब्रिलेशन म्हणजे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरतात. खालच्या कप्प्यांना इशारे कसेही, कधीही येतात, म्हणून ठोके पूर्ण अनियमित. पॅरॉक्सिझमल म्हणजे येऊन-जाऊन असणारं. खरी भीती धडधडीची नाही, रक्ताच्या गुठळीची आहे. वरच्या डाव्या कप्प्याला एक छोटी पिशवी असते, कप्पा थरथरत राहिला की तिथे रक्त साचतं, गुठळी होऊ शकते, ती सुटून मेंदूत गेली की स्ट्रोक. आपण लकवा म्हणतो तो. ही लय असणाऱ्यांना स्ट्रोकचा धोका साधारण पाचपट मानला जातो. आणि तो धोका तुम्हाला धडधड जाणवते की नाही यावर अवलंबून नसतो.

मग गोळी कोणाला? इथे डॉक्टर सरळ गुण मोजतात. वय ६५ ते ७४ असेल तर एक, ७५ पुढे दोन. बीपीचा एक, मधुमेहाचा एक, हार्ट फेल्युअरचा एक, रक्तवाहिन्यांच्या आजाराचा एक, आधी स्ट्रोक होऊन गेला असेल तर दोन. बाबांचे झाले तीन. रक्त पातळ करणारी गोळी सुचवायला तेवढे पुरेसे होते. फक्त एक लक्षात ठेवा, ज्यांची मायट्रल झडप संधिवाताच्या तापाने आकसलेली आहे त्यांना हे गुण लागू नाहीत, त्यांचा निर्णय वेगळा आणि औषधही सहसा वेगळं.

बाबा तयार होईनात. ‘मला काही होत नाही तर गोळी कशाला? दाढी करताना कापलं तर रक्तच थांबायचं नाही.’ ही भीती वेडगळ नाही हं. या गोळ्यांनी रक्तस्राव होऊ शकतो, हे खरंच आहे. म्हणून आधी किडनीची तपासणी केली, पोटात अल्सर होता का ते विचारलं, आणि गुडघेदुखीसाठी ते अधूनमधून मेडिकलमधून ज्या पेनकिलर घ्यायचे त्या बंद केल्या, कारण दोन्ही एकत्र झाल्या की रक्तस्रावाचा धोका वाढतो. मग बाबांनी विचारलं, त्यापेक्षा ॲस्पिरिन नाही का चालणार? डॉक्टर म्हणाले, या कामाला ॲस्पिरिन पुरत नाही.

दोन आठवडे आमची फोनवर खडाजंगी चालली होती. मी गुण सांगतोय, टक्के सांगतोय, बाबा म्हणतायत ‘बरं, बघू.’ शेवटी पुढच्या भेटीला डॉक्टरांनी रात्री दोनची पट्टी त्यांच्यासमोर ठेवली, शेजारी दुपारची. दुपारच्या पट्टीवर ठोके सारख्या अंतरावर. रात्रीच्या पट्टीवर एक लांब, दोन जवळ, मग एकदम चार चिकटून. बाबांनी चष्मा लावून बोटाने अंतरं मोजली. तीस वर्षं गाड्यांच्या वेळा लावलेला माणूस. म्हणाले, ‘अहो डॉक्टर, याला टाइमटेबलच नाही.’ डॉक्टर म्हणाले, ‘तेच सांगतोय काका.’ आता गोळी सकाळ-संध्याकाळ चालू आहे, चहाच्या कपाशेजारी आई ठेवते.

आता स्मार्टवॉच. तुमच्यातल्या अर्ध्या लोकांच्या मनगटावर आहे म्हणून बोलतोच. घड्याळ मागच्या हिरव्या दिव्याने नाडी मोजतं, आणि काहींमध्ये एका लीडचा ईसीजीही असतो. ॲपलच्या घड्याळावर एक मोठा अभ्यास २०१९ साली छापून आला, चार लाखांहून जास्त लोक होते, त्यातल्या अर्ध्या टक्क्याच्या आसपास लोकांना अनियमित नाडीची सूचना आली. त्यानंतर ज्यांनी पॅच लावून परत पाठवला त्यांच्यातल्या साधारण एक-तृतीयांश लोकांमध्ये एट्रियल फिब्रिलेशन सापडलं. आता बाकीच्यांची सूचना खोटीच होती असं नाही, कारण ही लय येते-जाते आणि पॅच नंतर लागला. माझ्या भाषेत सांगायचं तर घड्याळ हा अलर्ट आहे, निदान नाही. अलर्ट आला तर ती ईसीजी पट्टी पीडीएफ करून डॉक्टरांना दाखवा. अलर्ट न आला म्हणून बाबांसारख्या माणसाची टेस्ट टाळू नका.

आणि ‘नॉर्मल’ रिपोर्टबद्दल. होल्टर नॉर्मल म्हणजे त्या २४ तासांत काही सापडलं नाही, एवढंच. तुमची धडधड महिन्यातून एकदा येत असेल तर एका दिवसाच्या होल्टरमध्ये ती सापडणं म्हणजे लॉटरी. अशा वेळी डॉक्टरांना विचारा की जास्त दिवसांचा पॅच किंवा इव्हेंट रेकॉर्डर लावायचा का. फारच क्वचित येणाऱ्या, पण शुद्ध हरपवणाऱ्या त्रासासाठी तर त्वचेखाली बसवायचा छोटा रेकॉर्डर असतो, तो काही वर्षं चालतो.

डॉक्टरांकडे जाताना फक्त पहिलं पान प्रिंट करून नेऊ नका. पट्ट्यांसकट पूर्ण फाइल न्या, डायरी न्या, चालू असलेल्या गोळ्यांची नावं न्या, जुना ईसीजी आणि इको असेल तर तोही. आणि बसल्यावर एवढं विचारा: मला त्रास झाला तेव्हा रेघ काय होती? जादा ठोक्यांचा वाटा किती टक्के? एट्रियल फिब्रिलेशन कुठे आहे का? माझा इको बघता याचा अर्थ काय? डॉक्टर घाईत असतील तर शेवटचा प्रश्न तरी सोडू नका.

कोणाच्या आई-बाबांचा रिपोर्ट असाच फोनमध्ये पडून असेल तर आज रात्री शेवटच्या पानापर्यंत स्क्रोल करा. चला, भेटू पुढच्या एपिसोडला.